घागरीत पाणी भरून

दसरा उलटला, की शिरूर कासारच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांना जोर येतो. ऊसतोडीला निघणारी कुटुंबे पातेली, तवे, पाण्याच्या घागरी घेऊन जातात. त्यांच्या गाड्या गेल्यावर चार दिवस बाजार ओका वाटतो आणि मग धनत्रयोदशीची खरेदी सुरू होते. अशाच एका जुन्या जैन कुटुंबाच्या दुकानात, दिवसभराची विक्री वहीत उतरवून झाल्यावर, वरच्या माळ्यावर रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो. दुकानाचा धाकटा मुलगा आता अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. तिथे बसून तो एक सोळा पानी अंक तयार करतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास. प्रती चाळीस. विषय असा, की बाजारात सांगितला तर ऐकणारा आधी हसेल : चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांसाठी आज नव्याने तयार होणारे खेळ.

या छंदाचे बीज १९८९ च्या उन्हाळ्यात पडले. सुट्टीत तो पुण्याला मामांकडे गेला होता. मामांनी नुकताच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला होता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ही भारतीय आवृत्ती. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ती १९८८ मध्ये आपल्याकडे आणली होती. संगणक घरातल्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची आणि चार-पाच मिनिटे तो कर्कश आवाज ऐकत वाट पाहायची. मग पडद्यावर उमटे तो 'मॅनिक मायनर', मॅथ्यू स्मिथ या तरुणाने १९८३ मध्ये लिहिलेला वीस गुहांचा खेळ. बारा वर्षांच्या त्या मुलाला त्या सुट्टीत पाचवी गुहाही ओलांडता आली नाही; परंतु मामांनी एकदा दुपारी त्याला यंत्राची अंतर्रचना समजावून सांगितली, आणि ते मात्र तो विसरला नाही.

पडदा २५६ ठिपके रुंद आणि १९२ ठिपके उंच. एकूण स्मृती ४८ किलोबाइट. आज भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. रंगांचे बंधन तर आणखी कठोर. पडद्याची आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकटींत विभागणी केलेली, आणि प्रत्येक चौकटीत दोनच रंग : एक रेषेचा, एक पार्श्वभूमीचा. खेळातला नायक एखाद्या झाडासमोरून गेला, की झाडाचा तेवढा भाग त्याच्या रंगाचा होई. जाणकार याला रंगांची टक्कर म्हणत आणि यंत्राचा दोष मानत.

मुलगा शिरूरला परतला आणि दुकानात बसू लागला. तिथे त्याचे काम भांड्यांवर नावे घालण्याचे. छिन्नीचे टोक टेकवायचे, वरून हलकी हातोडी मारायची. एकेका ठिपक्याने अक्षर पुढे सरकते. लग्नाच्या हंड्यावर नाव घालताना एक ठिपका चुकला, तर तो पुसता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरची अक्षरेही अशाच ठिपक्यांची असतात, हे त्याच्या ध्यानात होते. आजही तो अंकाचे मुखपृष्ठ त्या जुन्या यंत्राच्याच नियमांनी रेखाटतो. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याला स्वतःची एकवीस चिन्हे घडवता येतात, प्रत्येक चिन्ह आठ गुणिले आठ ठिपक्यांचे. त्यात देवनागरीचा 'क' कसाबसा बसतो; पण वेलांटी, रफार, जोडाक्षर आले, की वरची-खालची चौकट उसनी घ्यावी लागते. अंकाच्या नावातल्या एका जोडाक्षरासाठी त्याच्या तीन रात्री गेल्या होत्या.

अशा अंकांची परंपरा जगात जुनी आहे. १९३० मध्ये अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांनी 'द कॉमेट' नावाचे असे नियतकालिक काढले होते. मराठी वाचकाला मात्र इतके दूर जायला नको. शाळाशाळांतून निघणारी हस्तलिखिते हीच आपली चाहत्यांची नियतकालिके. स्पेक्ट्रमच्या खेळांना वाहिलेले 'क्रॅश' हे गाजलेले मासिकही लंडनहून निघत नव्हते. १९८४ मध्ये ते लडलो नावाच्या एका लहानशा इंग्रजी गावातून निघू लागले आणि त्यातली खेळांची परीक्षणे बहुतांशी गावातल्या शाळकरी मुलांच्या मतांवर उभी असत. हे वाचल्यावर माळ्यावरच्या संपादकाला मोठा धीर आला. लडलोहून निघू शकते, तर शिरूरहून का नाही?

आणि लिहिण्यासारखे काही उरले नव्हते, असे तर मुळीच नाही. स्पेक्ट्रमचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले, पण त्यासाठी खेळ लिहिणारे थांबले नाहीत. जोनाथन कॉल्डवेल यांच्या 'आर्केड गेम डिझायनर'सारख्या साधनामुळे, ज्याला प्रोग्रॅमिंग फारसे येत नाही तोही चित्रे आणि नकाशे रचून खेळ उभा करू शकतो. स्पेन, पोलंड, रशिया, ब्राझील अशा देशांतून नवे खेळ येत राहतात. कमोडोर ६४ या त्याच काळातल्या यंत्रासाठी २०१७ मध्ये 'सॅम्स जर्नी' हा खेळ आला, तेव्हा मूळ यंत्राला पस्तीस वर्षे झाली होती. बहुतेक निर्माते नोकरी-व्यवसाय सांभाळून, रात्री जागून हे करतात. बरेचसे खेळ ते विनामूल्य देऊन टाकतात. त्यांना हवे असते ते एवढेच, की कोणीतरी तो खेळावा आणि त्याविषयी दोन शब्द बोलावेत.

घरात या उद्योगाला फारसा मान नव्हता. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला कधी मनाई केली नाही; पण "अजून ते मुलांचं खूळ चालू आहे का?" एवढा प्रश्न ते दर दिवाळीला विचारीत. मात्र छापलेला कोणताही कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. गेल्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर अक्षर पुन्हा स्वच्छ दिसू लागले, आणि गल्ल्याजवळ पडलेली अंकाची कच्ची पाने त्यांनी उचलली. चष्मा सावरत ते पाचव्या पानावर थांबले. तिथे परदेशातल्या एका हौशी निर्मात्याच्या नव्या खेळाचे परीक्षण होते. खेळ रटाळ आहे, रंगांची टक्कर निर्मात्याला आवरता आलेली नाही, तिसऱ्या पडद्यापुढे वाटच नाही, सबब वाचकांनी वेळ दवडू नये, असा त्याचा आशय होता. भाषा चुरचुरीत होती. लिहिताना लेखकाला ती आवडलीही होती.

"हा खेळ तू सगळा खेळलास का रे?" अण्णांनी विचारले.

"नाही अण्णा. तिसऱ्या पडद्यापर्यंत."

"मग पुढे वाट नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "अर्धा तास शोधली. सापडली नाही. आणि अण्णा, तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. चाळीस तर प्रती आहेत."

अण्णांनी समोरची तांब्याची घागर पुढे ओढली आणि बोटाने वाजवली. "ठोका चांगला येतो. म्हणून गिऱ्हाइकाला आपण लगेच देतो का? रात्रभर पाणी भरून ठेवतो. सकाळी खालचा कागद कोरडा असला, तरच देतो. तू तर रिकामी घागर पाहूनच गळकी म्हणालास. त्या माणसानं ती घडवायला किती दिवस घातले असतील?"

एवढे बोलून ते गिऱ्हाइकाकडे वळले. विषय तिथेच संपला असता. पण चाळीस प्रती आहेत, हे आपलेच उत्तर मुलाला दिवसभर टोचत राहिले. चाळीसच वाचक असतील. पण त्या खेळाविषयी मराठीत दुसरे कोणी लिहिण्याचा संभव नव्हता. म्हणजे हेच पहिले मत आणि हेच शेवटचे. शिवाय निर्मात्याला ही भाषा वाचता येणार नव्हती, तेव्हा उत्तर देण्याची संधीही त्याला नव्हती.

त्या रात्री तो पुन्हा खेळायला बसला. दुसऱ्या रात्रीही बसला. तिसऱ्या पडद्यावर नायक एका काळ्या भिंतीसमोरून जाई आणि प्रत्येक वेळी भिंतीवर त्याच्या रंगाचा एक चौकोन क्षणभर उमटे. हीच ती टक्कर, जिच्यावर परीक्षणात झोड उठवली होती. तिसऱ्या रात्री नायकाला अगदी सावकाश चालवताना त्या चौकोनात त्याला किल्लीचा आकार दिसला. निर्मात्याने काळ्या पार्श्वभूमीवर काळ्याच रेषेने किल्ली काढून ठेवली होती. ती एरवी दिसणे शक्य नव्हते. नायकाचा रंग त्या चौकटीवर चढला, तरच ती उजळत होती. जो दोष म्हणून त्याने नोंदवला, तोच त्या खेळाचा दरवाजा होता. पुढे आणखी बावीस पडदे होते.

अडचण अशी, की आतले कागद तोवर बीडला छापून झाले होते. घडी घालून मधोमध टाचलेल्या सोळा पानी अंकात एका कागदावर चार पाने येतात. पाचवे पान बदलायचे म्हणजे त्याच कागदावरची सहावे, अकरावे आणि बारावे ही पानेही पुन्हा छापणे आले. धनत्रयोदशीची गर्दी दोन दिवसांवर होती. दुकान सोडून बीडला जाणे शक्य नव्हते. तिकडे पुण्यातले चार-पाच मित्र आणि परदेशी गेलेले दोघे-तिघे अंकाची वाट पाहत होते. परीक्षण तसेच राहू देऊन पुढच्या वर्षी चार ओळींत दुरुस्ती करणे सोयीचे होते. त्याने तसे केले नाही. छापलेले चाळीस कागद त्याने बाजूला काढले, आणि कोऱ्या समासाचे तुकडे कापून दुकानात हिशेबासाठी ठेवले.

नवे परीक्षण सौम्य होते, असे नाही. एका पडद्यावरची उडी विनाकारण अवघड आहे आणि पार्श्वसंगीत लवकर कंटाळवाणे होते, हे त्याने स्पष्ट लिहिले. मात्र आरंभीच त्याने एक परिच्छेद घातला : हा खेळ अर्धा तास खेळून त्याविषयी मत बनवले होते, ते चुकीचे होते, आणि ते कसे चुकले. किल्ली नेमकी कुठे आहे, हे त्याने सांगितले नाही. ती शोधण्याचा आनंद वाचकाचा होता.

अंक दिवाळीऐवजी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तयार झाला. पहिली प्रत त्याने गल्ल्याजवळ ठेवली. अण्णांनी दुपारी दुकान निवांत झाल्यावर ती उघडली आणि पाचव्या पानापासून वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "ती किल्ली कुठे आहे, मला दाखवशील?"

त्या रात्री दुकानाची फळी लवकर लागली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे अण्णा कित्येक महिने माळ्यावर चढले नव्हते. मुलाने त्यांना हात दिला. पडद्यासमोर खुर्चीवर बसून त्यांनी नायकाला भिंतीसमोरून पुढे नेले, मागे आणले, पुन्हा पुढे नेले. किल्ली उजळली तेव्हा ते नकळत पुढे वाकले.

खाली उतरताना त्यांनी एवढेच सांगितले, की अकराव्या पानावर 'निर्मिती' या शब्दाची पहिली वेलांटी दीर्घ पडली आहे. मुलाने पुढच्या अंकाच्या वहीत, पहिल्याच पानावर, शुद्धिपत्राखाली त्याची नोंद केली.