मालवणचा चढ आणि आजोबांचे वॅट

पावसाळाभर मी पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मालवण चढत होते. म्हणजे सायकल जागच्या जागी आणि चढ मोबाइलमध्ये!

फंडा सोपा आहे. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि चेन थेट स्मार्ट ट्रेनरच्या गिअरवर चढवायची. आत एक जड चक्र फिरतं, त्याच्याजवळ विद्युतचुंबक असतात. ॲपने ‘चढ आला’ असं कळवलं की चुंबकातला करंट वाढतो. फिरत्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते फिरण्यालाच विरोध करतात. घासत काहीच नाही, तरी पाय जाम भरून येतात.

आणि वॅट? बऱ्याच चांगल्या ट्रेनरमध्ये बारीक सेन्सर असतात. तुमच्या जोराने आतला धातू किंचित पिळला जातो, सेन्सरचा विद्युतरोध बदलतो आणि टॉर्क कळतो. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, झाली पॉवर! काही मशिन्स वेग आणि ब्रेकवरून नुसता हिशेब मांडतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आजोबांसाठी. दर आठवड्याला ते मालवणच्या बाजारातून मीठ आणि सुकी मासळी कॅरिअरला बांधून कट्ट्याला घरी यायचे. बिनगिअरची सायकल! तो रस्ता मला एकदा करायचा होता.

डिसेंबरात निघाले. पाठीमागे समुद्र आणि सिंधुदुर्ग किल्ला, पुढे कुंभारमाठाची चढण. दोन्ही बाजूंना लाल जांभा. ॲपमध्ये नसलेलं दमट ऊन डोक्यावर. धापा टाकत मी मनात गणित मांडलं. समजा चढ ५ टक्के, वेग ताशी ८ किलोमीटर. सायकलसकट माझं वजन ७५ किलो, म्हणजे नुसतं वजन वर न्यायला ८० वॅट. आजोबा, सायकल आणि ओझं मिळून १२० किलो धरले तर १३० वॅट! तेही ऑफिसातून सुटल्यावर फिटनेस म्हणून नव्हे, घर चालवायला.

कट्ट्याला पोचल्यावर हा आकडा आजीला अगदी अभिमानाने सांगितला. ती आमसुलं वाळत घालत होती. हसत म्हणाली, “चेडवा, ओझा घेवन चढणीर बसान कोण चढता? उतरान ढकलूची!”

हॉलमधल्या त्या महागड्या मशीनवर ही सोय नाही. परतीला ओझं नसतानाही मी एका चढावर उतरले आणि सायकल ढकलत चालले. आजोबांचा रस्ता तेव्हा कुठे पुरा झाला.