कोपरा कापायचा नाही

दुर्गाडीच्या पुलावरून उल्हास ओलांडून कल्याणहून भिवंडीकडे निघालं की कोन लागतं. माझं माहेर वसईचं, ख्रिस्ती बागायतदारांचं. लग्नानंतर आम्ही इथे राहायला आलो. शेजारच्या आगरी घरांतून अजून भाताच्या लावणीच्या आठवणी निघतात, पण या पट्ट्यातली बरीच खाचरं मुरमाच्या भरावाखाली गेली आणि त्यांवर गोदामं उभी राहिली. आमच्या घरामागचा तुकडाही भरावाचाच. घरमालक काकांनी तो भाजीपाल्यासाठी वापरायला दिला.

कुदळ घातली तर दगड, काचा आणि यंत्रमागांवरच्या पॉलिस्टर धाग्यांचे गुंते वर आले. हा धागा कुजत नाही, बोटांनीच वेचावा लागतो. संध्याकाळी तो वेचता वेचता मी रोझरी म्हणू लागले. मग शेण, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा असं घालत गेलो. गांडुळं दिसली, तेव्हा माती परत जिवंत होते आहे याची खात्री पटली आणि मी देवाचे आभार मानले.

मातीशी प्रार्थना जोडणं मी आजीकडून शिकले. तिच्या वाडीत पानवेली होत्या, राजेळी केळी होती आणि बाजूला बावखल होतं. वसईतली ही बावखलं पावसाचं पाणी साठवायची, जमिनीत मुरवायची आणि विहिरी गोड ठेवायची. पुढे टँकरवाल्यांनी विहिरींतलं पाणी उपसून विकायला सुरुवात केली, बांधकामांसाठी जमिनी मोकळ्या होऊ लागल्या. तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या चळवळीच्या पुढे होते. नंदाखालचे हे धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी गेले. वेदीवर उभा राहणारा माणूस पाण्यासाठी रस्त्यावर उतरतो, हे आमच्या पिढीने त्यांच्याकडे पाहून जाणलं.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. लेवीय पुस्तकात त्याहून कडक आज्ञा आहे: पीक काढताना शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. रूथ ही परदेशी विधवा अशीच कणसं वेचून सासूला जगवते. त्या वेचण्यात भीक नाही. ज्याला जमीन नाही त्याचाही पिकावर हक्क आहे, असं तो कायदा सांगतो. कारण लेवीय पुस्तकातच देव म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही इथले पाहुणे.

ही आज्ञा मला एका कातकरी मावशींमुळे उमगली. पावसाळ्यात त्या नाक्यावर रानभाज्या विकायला बसतात. पावसाळा संपला की घरातल्या सगळ्यांसह वीटभट्टीवर जातात, आधी घेतलेली उचल फेडायला. एकदा वाटेने जाताना त्या थांबल्या. मी वाफ्यातला टाकळा उपटत होते. “बाई, ती भाजी आहे. टाकू नका, मला द्या,” त्या म्हणाल्या. त्यानंतर कुंपणाजवळचा कोपरा मी मोकळा सोडला. तिथे टाकळा, कुर्डू जे उगवेल ते त्यांचं. त्यांनी मला कोवळा पाला कधी आणि कसा खुडायचा ते शिकवलं. कातकरी समाजातल्या बहुतेकांकडे स्वतःची जमीन नाही, पण इथल्या रानाचं इतकं ज्ञान त्यांच्याकडे आहे. गोदामांत हमाली करणाऱ्या उत्तर भारतीय कुटुंबांतल्या बायकाही आता येतात. भेंडी, माठ, शेवग्याच्या शेंगा निघाल्या की पहिला वाटा त्यांच्या घरी जातो. परका म्हणजे कोण, हे मला पुस्तकात शोधावं लागत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितलं. कोनमध्ये तो एकत्रच ऐकू येतो. खाचरं आणि खाजणं बुजली की पुराचं पाणी आधी खाडीकाठच्या वस्तीत शिरतं. २६ जुलै २००५ चा उल्हासचा पूर इथले लोक विसरलेले नाहीत. माझ्या चार वाफ्यांनी पूर थांबणार नाही आणि वीटभट्टीवरची उचल फिटणार नाही. त्यासाठी ग्रामसभेत बोलावं लागतं, मोर्चात चालावं लागतं. पण रोज माती हाताळणाऱ्या माणसाला भरावाचा डंपर पाहून गप्प बसवत नाही. प्रार्थनेने मला हे बळ दिलं.

ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आपल्या कित्येक चर्चची आवारं पेव्हर ब्लॉकखाली गेली आहेत. दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ आपण पाळतो. या वर्षी त्या काळात आवारातली एक पट्टी उकरा, पावसाचं पाणी जमिनीत मुरू द्या, भाजी लावा. आणि पीक आलं की एक कोपरा कापू नका. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांना तो हक्काने खुडू द्या.