तीन रूपांचा ‘ऱ्या’

पुस्तकांचा सर्व्हर घरी चालवला की तक्रारी ठरावीक येतात. मुखपृष्ठ दिसत नाही, नवा अंक आलाच नाही, पानं मागेपुढे झालीत. सर्व्हर ‘कोम्गा’ असो वा ‘कविता’, घरच्यांना तोच बिघडलेला वाटतो. माझा पहिला संशय मात्र फायलीवर असतो.

कॉमिक्सची सीबीझेड म्हणजे चित्रांची साधी झिप, सीबीआर म्हणजे रार. ईपबही झिपच, फक्त आत नेमाच्या दोन-चार फायली जास्त. त्यामुळे मुखपृष्ठ आलं नाही की मी फाइलचे पहिले दोन बाइट बघतो. तिथे ‘पीके’ असेल तर ती झिप, एक्स्टेन्शन काहीही म्हणो. (पीके म्हणजे झिपचा कर्ता फिल कॅट्झ, त्याची आद्याक्षरं अशी फाइलीफाइलीत बसली आहेत.) हातोहात फिरून आलेल्या कितीतरी सीबीआर मुळात झिप निघतात. खऱ्या रार असल्या, तरी २०१३ साली आलेली तिची पाचवी आवृत्ती काही वाचकप्रणालींना उलगडत नाही. मी सरसकट सगळ्यांची सीबीझेड करून टाकतो. पानं १, १०, २ अशी लागली तर आकड्यांआधी शून्यं भरतो. यात डोकं लागत नाही.

नवा अंक न दिसण्याचं कारण बहुधा नेटवर्कवर सापडतं. फायली दुसऱ्या यंत्रावर असतील, तर तिथे पडलेल्या फाइलची वर्दी लिनक्सच्या कर्नलला मिळत नाही. ठरावीक वेळाने स्कॅन लावावं. सर्व्हरचा एसक्यूलाइट डेटाबेस मात्र त्या शेअरवर कधीही ठेवू नये. लॉकिंगचा घोळ होऊन तो खराब होऊ शकतो.

खरी मजा मराठी नावांत आहे. मावशी म्हणाली, “अरे, ‘वाऱ्यावरची वरात’ समोर दिसतंय आणि हा म्हणतो सापडत नाही!” शोधाच्या चौकटीतली अक्षरं आणि मुखपृष्ठाखालची अक्षरं डोळ्यांना अगदी एकसारखी. बाइट छापून पाहिले तेव्हा फरक कळला. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक अखंड अक्षर आहे, आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही तेच घडतं. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था नावं अशी तोडूनच साठवायची, त्यामुळे तिथून आलेली पुस्तकं नुक्ता घेऊन येतात. तिसराही मार्ग आहे: र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर तिघांचा ‘ऱ्या’ सारखाच.

युनिकोडचं प्रमाणीकरण पहिल्या दोघांना एक करतं. तिसऱ्याला ते हात लावत नाही, कारण मानकाच्या लेखी तो वेगळाच मजकूर आहे. त्यासाठी चार ओळींची स्क्रिप्ट स्वतःच लिहावी लागते, आणि ती सरसकट चालवायची नाही. तो जोडक इतर जोडाक्षरांत मुद्दाम घातलेला असतो, म्हणून फक्त र-हलन्ताच्या पुढचाच धरायचा. एवढं करून फाइलचं नाव सुधारलं तरी शोध रिकामाच राहू शकतो. ईपबचं शीर्षक सर्व्हर सहसा आतल्या माहितीच्या फाइलीतून घेतो, म्हणून दुरुस्ती तिथे हवी. हे ठाऊक नसलेला माणूस सर्व्हर काढून पुन्हा बसवतो आणि वाचनाच्या खुणाही घालवून बसतो.

जुन्या फॉन्टांत जुळवलेल्या पीडीएफ याहून अवघड. श्रीलिपीत टंकलेलं पान वाचायला सुरेख, पण त्यातून उचललेला मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा कचरा. त्यात मराठी शब्द शोधणार कसा? तिथे सर्व्हरची कुठलीच सेटिंग उपयोगी नाही. अशा फायलींच्या पानांची चित्रं काढून मी ती टेसरॅक्टच्या मराठी ओसीआरला देतो. जोडाक्षरांत ते अडखळतं, तरी लेखकाचं नाव शोधण्यापुरतं काम भागतं. बाकीचं प्रूफ सवडीने वाचायचं, ज्या पुस्तकासाठी तेवढी हौस असेल त्याचंच.