मुनीमजींचे एक पान

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लिनक्सवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळी सुट्टीत मी भोपाळला मावशीकडे होतो. काकांच्या दुकानाचे हिशेब लिनक्सच्या संगणकावर असतात. रोज संध्याकाळी मुनीमजी ‘टार’ ही आज्ञा देऊन सर्व हिशेबांचे एक गाठोडे बांधून ठेवतात. गाठोडे बांधायला ‘सी’ अक्षर, सोडायला ‘एक्स’. सोडताना चुकून ‘सी’ पडले, तर जुन्या गाठोड्यावरच नवे बांधले जाऊ शकते आणि जुने हिशेब कायमचे जाऊ शकतात. या भीतीने मुनीमजींनी मला माहिती काढून द्यायला सांगितली.

‘मॅन’ असे लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले, की तिच्या माहितीचे पान उघडते. ही रीत युनिक्सची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. आधी नाव, मग आज्ञेचे रूप, मग वर्णन, हा क्रम आजही बहुधा तसाच आहे. जाणकाराला तो सोयीचा वाटतो, नवख्याला मात्र त्यात वाट सापडत नाही.

‘मॅन’ला ‘टी’ हा पर्याय दिला, की तेच पान छपाईजोगे होते आणि पुढे त्याची पीडीएफ करता येते. मी तशी सुबक प्रत छापून दिली. मुनीमजींनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “बेटा, छपाई तो बढ़िया है, पर करना क्या है?”

मग मी हिंदीत एकच पान लिहिले. वरती धोक्याची सूचना, खाली रोजची दोनच कामे, प्रत्येकापुढे पूर्ण आज्ञा. ते पान त्यांनी गल्ल्याच्या वर चिकटवले.

हे सारे भोपाळमध्ये घडले, म्हणून मनाला अधिक लागले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. कारणे अनेक होती. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, कामगार कमी केलेले होते. त्यांतच हेही नोंदलेले आहे, की माहितीपुस्तिका इंग्रजीत होत्या आणि पुष्कळ कामगारांना इंग्रजी जेमतेम समजे. दुकानातल्या चुकीने हिशेब जातील. तिथे प्रश्न जिवाचा होता. पण ज्याच्या हाती यंत्र, त्याला त्याची माहिती वाचता यावी, ही गरज दोन्हीकडे एकच.

मी मराठी माध्यमात शिकलो, गल्लीत कन्नड बोलत वाढलो. इंग्रजी पानासमोर माणूस गप्प का बसतो, ते मला ठाऊक आहे. त्याला बुद्धी कमी नसते. विचारायची लाज वाटते, एवढेच.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या प्रयोगशाळांत आणि संगणक कक्षात प्रत्येक यंत्राजवळ एक पान मराठीत आणि एक कन्नडमध्ये लावू या. धोका आधी, काम नंतर. लिहून झाल्यावर ते यंत्राला कधी हात न लावलेल्या विद्यार्थ्याला वाचायला द्यावे. तो जिथे अडेल, तिथे पान पुन्हा लिहावे.