खलनायकाला माफी कोण देणार?

नाटक लिहिणाऱ्याला नायकाबद्दल फारसं कुणी छेडत नाही. प्रयोग संपलेला असतो, सेट उतरवून टेम्पोत चढत असतो, मेकअप पुसला जात असतो, आणि विंगेत चार-पाच जण येऊन उभे राहतात ते खलनायकाची चौकशी करायला. तो पुढे सुधारला असता का? त्याला शेवटी पश्चात्ताप का होऊ दिला नाहीत? हौशी रंगभूमीवर, राज्य नाट्य स्पर्धेसाठी, मी बरीच वर्षं लिहितो आहे. परीक्षकांचे गुण येतात आणि जातात. माझं लिखाण उभं राहिलं की नाही, हे मला विंगेतल्या या प्रश्नांवरून कळतं.

आमच्या संस्थेत हल्ली विशीतली मुलं-मुली येतात. हॅरी पॉटर, स्टार वॉर्स, जपानी ॲनिमे यांवर ती वाढलेली आहेत, आणि खलनायकांवर रीतसर खटले चालवण्याची त्यांना सवय आहे. कुणीतरी एक नाव पुढे करतो: हा माणूस माफीच्या पलीकडे गेलेला आहे. मग त्याने काय-काय केलं ते मांडायचं. इतरांनी हरकती घ्यायच्या. त्याला कळत होतं का? दुसरी वाट होती का? त्याच गोष्टीतल्या इतर दुष्टांच्या मानाने याचं कृत्य किती मोठं? त्याने कधी कुणावर निखळ प्रेम केलं का? पश्चात्ताप झाला असेल, तर त्यापायी त्याने काही सोसलं का, की नुसतेच डोळे पुसले? आणि एक नियम फार कडक: गोष्ट पुरी झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. तालमीच्या मधल्या चहाला हे वाद सुरू होतात आणि मी तालीम पुढे ढकलून ऐकत बसतो. हा रिकामटेकडा उद्योग आहे असं म्हणणारे लोक मला भेटतात, पण मला तो अतिशय गंभीर उद्योग वाटतो. माणूस कुठवर माणूस राहतो, याचा शोध ही मुलं घेत असतात, आणि त्यासाठी कल्पनेतली माणसं वापरतात, कारण खऱ्या माणसांबद्दलची इतकी आतली माहिती कुणालाच मिळत नाही.

याच खटल्यांतून मला एक गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट दिसली. दुष्टपणाची बेरीज करून निकाल लागत नाही. हॅरी पॉटरच्या वाचकांना विचारा, सगळ्यात जास्त चीड कुणाची? व्होल्डेमॉर्टने शेकड्यांनी माणसं मारली किंवा मारवली, तरी कितीतरी वाचक नाव घेतात डोलोरेस अंब्रिजचं. 2003 साली आलेल्या पाचव्या पुस्तकातली ही बाई गुलाबी स्वेटर घालते, गोड हसते, खोलीत मांजरीच्या पिल्लांची चित्रं असलेल्या बश्या लावते आणि शिक्षा म्हणून मुलाला असा टाक देते, की त्याने कागदावर लिहिलेली ओळ त्याच्याच हाताच्या कातडीत कोरली जाते. ती समोर बसून पाहते. व्होल्डेमॉर्टला माणसं किड्यामुंगीसारखी वाटतात. या बाईला समोर मूल बसलंय हे पक्कं ठाऊक आहे. वाचकाचा राग त्या ठाऊक असण्यावर आहे.

स्नेपचा खटला तर अजून मिटलेला नाही. 2005 च्या पुस्तकात तो शाळेच्या मुख्याध्यापकाला, डंबलडोरला मारतो आणि 2007 च्या शेवटच्या पुस्तकात उलगडतं की ते डंबलडोरनेच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मधली दोन वर्षं वाचकांत उभी फूट होती. पण उलगडा झाल्यावरही फूट बुजली नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. एका बाजूला त्याचं हॅरीच्या आईवरचं, लिलीवरचं आयुष्यभराचं प्रेम. दुसऱ्या बाजूला नेव्हिल. या मुलाच्या आईवडिलांना व्होल्डेमॉर्टच्या माणसांनी छळून वेडं केलेलं आहे. पण तिसऱ्या पुस्तकात जेव्हा त्याची सगळ्यात मोठी भीती कपाटातून बाहेर येते, तेव्हा ती वर्गातल्या शिक्षकाच्या, स्नेपच्या रूपात येते. आमच्या संस्थेतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, स्नेपला माफ करायचं की नाही ते हॅरीला नका विचारू, नेव्हिलला विचारा.’ मी ते वहीत उतरवून घेतलं. पुढे ते माझ्या कामाला आलं.

माझ्या एका नाटकात कोकणातलं एक घर आहे. आंब्या-काजूची बाग, सातबारावर म्हाताऱ्या आत्याचं नाव, आणि तिला सांभाळणारा पुतण्या. तो कुलमुखत्यारपत्र तयार करून आणतो. आत्याला वाचता येत नाही आणि तिला वाटतं, हा पेन्शनचा कागद. तो तिचा हात धरतो, अंगठा स्टॅम्प पॅडवर टेकवतो, कागदावर हलकेच दाबतो. मग खिशातून रुमाल काढतो आणि तिच्या अंगठ्याची शाई पुसतो. घाईने नव्हे. नखाच्या कडेला राहिलेली शाई रुमालाचं टोक ओलं करून काढतो आणि विचारतो, ‘आत्या, पेज टाकू का थोडी?’ पुढच्या अंकात घर विकलं जातं.

त्या रुमालावर प्रेक्षक प्रत्येक प्रयोगाला दुभंगतात. एक गट म्हणतो, बघा, माया आहे त्याच्यात. परिस्थितीने अडकलाय, कर्ज आहे, सुधारेल. चाहत्यांच्या खटल्यातला नियमही त्याच बाजूचा: ज्याने एकदा तरी खरं प्रेम केलं, तो पुरता गेलेला नाही. दुसऱ्या गटाला मात्र अंगठा घेण्यापेक्षा तो रुमालच सहन होत नाही. मी दुसऱ्या गटात आहे, आणि रुमाल लिहिताना होतोच. शाई पुसणाऱ्याला म्हातारीचा हात म्हणजे काय ते कळतं. ती आपल्याला घरचं समजते, हेही कळतं. कठोर माणसाच्या बाबतीत निदान शंकेला जागा असते, की याला दुसऱ्याचं दुखणं जाणवतच नसेल. कोमलपणा दाखवणाऱ्याने ती जागा स्वतःच बुजवलेली असते. म्हणून खलनायकाला एखादी माया दिली की त्याचा गुन्हा हलका होतो, हे आमच्या धंद्यात सर्रास चालणारं गणित मला मान्य नाही. माझ्या लेखी तो जड होतो.

याची सगळ्यात मोठी पारख आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा वाचतो. महाभारतातलं सौप्तिक पर्व. मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाने अश्वत्थाम्याला सेनापती केलेलं आहे. सेना उरली आहे तीन माणसांची: तो, कृपाचार्य आणि कृतवर्मा. रानात एका वडाखाली तिघं थांबतात. दोघं झोपतात. अश्वत्थाम्याला झोप नाही. त्याला दिसतं, की एक घुबड आलं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारून गेलं. तिथे त्याला युक्ती सुचते. इथपर्यंत कुठलाही लेखक येईल. व्यासांची थोरवी पुढे आहे: ते कृपाचार्यांना जागं करतात. मामा भाच्याला सांगतो, तू दमला आहेस, आज झोप. सकाळी धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू आणि मग ठरवू. लढायचंच असेल तर उजेडी लढू, आम्ही बरोबर आहोत. दार सताड उघडं आहे. त्याच्यावर प्रेम करणारा माणूस त्या दारात उभा राहून बोलावतो आहे. अश्वत्थामा सगळं ऐकून घेतो, बापाला कसं कपटाने मारलं ते सांगतो, आणि रथ जोडतो.

बापाचं दुःख खोटं नाही. द्रोण खोट्या बातमीने शस्त्र खाली ठेवतात आणि धृष्टद्युम्न त्यांचं मस्तक कापतो. त्या युद्धात नियम कोणी पाळले होते? चाहत्यांची ती तुलनेची कसोटी इथे लावली तर पहिल्या खुनापर्यंत श्रोत्यांचं मन अश्वत्थाम्याकडे झुकतं, हे मी कीर्तनात बसून पाहिलेलं आहे. पण तो धृष्टद्युम्नाला शस्त्राने मारत नाही. धृष्टद्युम्न विनवतो, शस्त्राने मार, म्हणजे मला सद्गती तरी मिळेल. तो नकार देतो आणि लाथांनी मारतो. मग द्रौपदीचे पाच मुलगे. आणि सगळं उघडकीला आल्यावर, भागीरथीकाठी, अर्जुनाचं आणि त्याचं अस्त्र समोरासमोर आलेलं असताना नारद आणि व्यास मधे उभे राहतात. अर्जुन अस्त्र मागे घेतो. याला घेता येत नाही. इथेही व्यास त्याला अजून एक दार देतात: ते कुठे पडू द्यायचं हे त्याच्या हातात आहे. तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर सोडतो.

बापाचा सूड तिथे संपलेला आहे. जे अजून जन्मलंच नाही त्याने कुणाच्या बापाला मारलं होतं? श्रोत्यांत जी काही कुजबुज चाललेली असते ती या ठिकाणी थांबते. कृष्ण त्याला तीन हजार वर्षं एकट्याने, रक्तपुवाच्या दुर्गंधीसह भटकण्याचा शाप देतो. आणि तरीही नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर, दिवाळीच्या दिवसांत लोक अश्वत्थाम्याच्या नावाने यात्रेला चढून जातात. तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी तिथली समजूत आहे. लोकांनी त्याला निर्दोष ठरवलेलं नाही; त्याची जखम भरली असंही ते म्हणत नाहीत. फक्त त्याचा खटला चालू ठेवलाय.

‘घाशीराम कोतवाल’चा नियम वेगळा. 1972 सालच्या त्या नाटकात तेंडुलकर घाशीरामचा अपमान आधी दाखवतात: चोरीचा खोटा आळ, मार, पुण्यातून हकालपट्टी. त्याचं विष कुठून आलं हे आपल्याला माहीत असतं. पण कोतवालीसाठी तो पोटची पोर नाना फडणवीसाला देतो, आणि त्या क्षणी भूतकाळ कितीही खरा असला तरी कामाला येत नाही. दुष्टपणाचं कारण सांगणं आणि त्यातून सोडवणं ही दोन कामं आहेत. नव्या लेखकांच्या संहितांत मला आता सरसकट खलनायकाचं बालपण दिसतं, मार खाणारं, उपाशी. ते लिहावं, जरूर लिहावं. त्याच्या भरवशावर शेवट मात्र करू नये.

गब्बरला तर बालपणच नाही. ‘शोले’ 1975 चा, आणि आजही कुणी विचारत नाही की हा असा का झाला. लोकांनी त्याच्यावर इतकं प्रेम केलं की अमजद खान त्याच वेशात बिस्किटांच्या जाहिरातीत आले. पण त्याला माफ करा, असं म्हणणारा प्रेक्षक मला भेटलेला नाही. आवडणं आणि माफ करणं यांत प्रेक्षक गल्लत करत नाही. गल्लत होते ती बहुतेक वेळा आमची, लिहिणाऱ्यांची.

मुलांशी माझं सगळ्यात जोरात भांडण झालं ते डार्थ व्हेडरवरून. 1983 च्या चित्रपटात तो शेवटी मुलाला वाचवण्यासाठी सम्राटाला उचलून फेकतो आणि मरतो. कित्येकांच्या लेखी तो सुटला. पुढे 2005 च्या चित्रपटात त्याच माणसाने तरुणपणी आश्रमातल्या लहान मुलांना कापल्याचं आलं आणि खटला पुन्हा उभा राहिला. माझं म्हणणं, मरण हे फार स्वस्त प्रायश्चित्त आहे. मेलेल्याला कुणाच्या घरी जावं लागत नाही. मुलांनी मला ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मधला झुको दाखवला. 2005 ते 2008 चाललेली ही मालिका लहान मुलांची म्हणून मी पाहिलीच नव्हती. हा राजपुत्र बाजू बदलतो, पण त्याच्यावर विश्वास कोणी ठेवत नाही. एकेकाला भेटून त्याला तो मिळवावा लागतो, आणि ज्या काकाला त्याने दगा दिला त्याच्या तंबूत रात्रभर वाट पाहत बसावं लागतं. मी त्या दिवशी मुलांना सांगितलं, हे आमच्या कितीतरी नाटकांपेक्षा चांगलं लिहिलंय. पहिल्यांदाच मला कुणी असा माणूस दाखवला होता, ज्याला वाचवण्याच्या घाईत लेखकाने दुसऱ्यांच्या जखमा गुंडाळून ठेवलेल्या नाहीत.

आणि हे भान व्यासांनाही होतं. स्वर्गात पोहोचलेल्या युधिष्ठिराला पहिल्यांदा दिसतो तो दुर्योधन, तेजाने झळकत आसनावर बसलेला. नारद समजावतात, इथे वैर नसतं. युधिष्ठिर म्हणतो, मला याच्या शेजारी राहायचं नाही, माझे भाऊ कुठे आहेत तिथे न्या. देवांनी केलेली माफी त्याला बांधत नाही. भागवतात याच्या नेमकं उलट घडतं: पाच मुलं गमावलेली द्रौपदी बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडायला सांगते, कारण त्याच्या आईने आपल्यासारखं रडू नये. दोघांपैकी कुणालाही चुकीचं ठरवायची माझी हिंमत नाही. निर्णय ज्याचं गेलं त्याच्याकडे आहे, एवढंच दोन्हीकडे समान आहे.

म्हणून त्या कोकणातल्या नाटकाचं मी सध्या पुनर्लेखन करतो आहे. आधीच्या संहितेत शेवटी पुतण्या वृद्धाश्रमात येतो, आत्याच्या पायाशी बसतो, आणि आत्या त्याच्या डोक्यावर हात ठेवते. प्रयोगाला टाळ्या पडतात त्या याच जागेला. आत्याचं काम करणाऱ्या आमच्या मावशींना, ज्यांनी स्वतः आयुष्यभर शेती पाहिली, मी विचारलं, तुम्ही ठेवाल का हात? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्याला जेवायला वाढीन. हात नाही ठेवणार.’ संहितेत आता तेवढंच आहे: त्या ताट वाढतात, भातावर आमटी घालतात, आणि समोर बसून तो जेवेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. पुतण्याचं काम करणारा मुलगा विचारतो, मग मी सुधारलो की नाही ते मला कळणार कसं? मी त्याला सांगितलंय, तू जेवत राहा.