भिंतीवरचा लाल उजेड

2020 च्या जूनमधली संध्याकाळ. बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यातून घेऊन आलो, हैदराबादच्या काचीगुड्यातल्या आमच्या इमारतीखाली गाडी लावली आणि वर येऊन हातपाय धूत होतो. खालून हाक आली, "साब, पीछे की लाइट जल रही!"

हाक मारणारे तळमजल्यावरचे शेजारी. उभी हयात त्यांनी एसटीसारख्या इथल्या सरकारी बसवर काढलेली. जाऊन पाहतो तर गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि मागची भिंत लालभडक. ब्रेकचे दोन्ही दिवे चालू होते. त्यांनी दार उघडून पेडलकडे बोट दाखवलं. ते अर्ध्यावरच थांबलेलं होतं. त्यांनी हाताने वर ओढलं, दिवे विझले.

मी गप्प झालो, कारण पेडल जड झालंय हे मला दोन दिवस ठाऊक होतं. पाय काढला की ते आळसावल्यासारखं हळूहळू वर यायचं, मध्येच राहायचं, मग मी बुटाच्या टोकाने ते उचलायचो. त्याच दुपारी नारायणगुड्याच्या पुलावरून उतरताना पुढच्या चाकाकडून जळकट वासही आला होता. बाबा शेजारी बसले होते. हे आठवलं की आजही छातीत धस्स होतं.

शेजारच्या काकांनी सांगितलेली गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतली. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय सुटून पिस्टन पूर्ण मागे गेला की ते उघडतं आणि नळ्यांतला दाब उतरतो. पेडल पूर्ण वर आलं नाही तर ते भोक झाकलेलंच राहतं. दाब अडकतो, पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं. त्या उष्णतेने आतलं तेल प्रसरण पावतं आणि ब्रेक आणखी आवळला जातो. म्हणजे अडकलेलं पेडल गाडी थांबवत नाही एवढीच भीती नसते, ते गाडीला चालता चालता धरून ठेवतं.

नेहमीच्या गॅरेजातली पोरं टाळेबंदीत गावी गेली होती, ती परतली नव्हती. काका म्हणाले, "पहले देखो बीमारी किधर है. ब्रेक में है की पेडल में." हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. घरी करण्याजोगं काम कोणतं आणि मेकॅनिककडेच न्यायचं कोणतं, याचा निवाडा त्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, गाडी गिअरमध्ये टाकली, बॅटरीची ऋण तार सोडवली. सीट मागे सारून मी पेडलखाली डोकं घातलं आणि उताणा झोपलो. बाबा बाहेर खुर्चीवर बसून टॉर्च धरत होते. डोळ्यांत औषध घातलेलं, तरी ऐकेनात. "उजेड कुठे पाडू, तेवढं सांग."

पेडलला बूस्टरकडे जाणारा दांडा एका आडव्या पिनेने जोडलेला असतो आणि ती पिन निसटू नये म्हणून तिला स्प्लिट पिन असते. पक्कडीने ती सरळ करून काढली, आडवी पिन बाहेर ओढली, दांडा वेगळा केला. आता पेडल एकटंच लोंबत होतं. खरं तर लोंबायला हवं होतं. मी जिथे सोडावं तिथे ते थांबत होतं. दांडा मात्र हाताने दाबला की झटकन परत येत होता. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: बिघाड पेडलच्या सांध्यात होता, मास्टर सिलिंडरमध्ये नव्हता. उलटं निघालं असतं तर मी पिन परत लावून गाडी टोचन करून नेली असती. हायड्रॉलिक भाग घरी उघडण्याच्या भरीला मी पडलो नसतो, कुणी पडूही नये.

सांध्याचा बोल्ट निघायला तास गेला. निघाला तो तांबेरलेला, त्यावरचं ग्रीस डिंकासारखं घट्ट. पण गाडीच्या आत, पेडलच्या वर, गंज येतोच कसा? बाबांनी पायाखालची चटई चाचपली. "अरे, ही ओली आहे."

मग बोनेट उघडलं. वायपरच्या खालच्या पन्हळीत कडुलिंबाची पानं कुजून काळी पेंड झाली होती. आमच्या अंगणातला कडुलिंब मार्चमध्ये पान गाळतो आणि त्या वर्षी बरोबर मार्चमध्येच गाडी उभी राहिली ती दोन महिने हललीच नाही. पाणी जायची भोकं बुजली, वळवाचं पाणी तुंबलं आणि फटीतून आत झिरपत थेट पेडलच्या सांध्यावर उतरलं. दोन महिन्यांत मी एकदाही बोनेट उघडलं नव्हतं.

सामान आणायला पुतलीबावलीला गेलो. जांबागेतल्या विवेकवर्धिनीत शिकत होतो तेव्हा याच दुकानांसमोरून घरी जायचो, बेअरिंगं आणि गॅस्केटं टांगलेली पाहत. दुकानदाराने जुना बुश बोटांत फिरवून तसाच काढून दिला आणि वर म्हणाला, "पिन पुरानी मत डालो, नई लेव." दोन नायलॉनचे बुश, स्प्लिट पिन आणि ग्रीसची डबी, सगळं मिळून दोनशेच्या आत.

बोल्ट पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, नवे बुश बसवले, ग्रीस लावलं, दांडा नव्या स्प्लिट पिनेसह परत जोडला. ग्रीस फक्त सांध्याला. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइलचा एक थेंबही जाता कामा नये, आतली रबरं फुगतात आणि पेडल मग खरोखरच बसतं. पॅडला किंवा डिस्कला ग्रीस लागलं तर ब्रेकच लागत नाही.

पेडल सोडलं तसं टप्पकन वर आलं. बाबांनी ते तीन वेळा दाबून पाहिलं. मग बूस्टरची परीक्षा: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबलं, ते कडक झालं. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं आणि पेडल किंचित खाली गेलं. बूस्टर ठीक होता. पुढची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, मोकळी फिरली. अंगणात चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून, चार फेऱ्या मारल्या. काका मागे उभे राहून दिवे पाहत होते. प्रत्येक वेळी लागले, प्रत्येक वेळी विझले.

तरी आठवड्याने गॅरेज उघडल्यावर गाडी तिथे नेली. तापलेले पुढचे पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते बदलावे लागले. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, त्यात पाणी मुरलं की ते लवकर उकळतं, म्हणून तेही बदलून घेतलं.

बाबा आता नाहीत. गाडी अजून आहे. दरवर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी मी बोनेट उघडून पन्हळीतली पानं काढतो. यंदा दोन मुठी निघाली.