एकाच गोचिडीतले भाऊबंद

संपादकांनी ‘गोचिडीच्या तापावर लिहा’ म्हटलं, तेव्हा पहिला प्रश्न पडला, कोणत्या? दोडामार्गच्या काजूबागांतला माकडताप विषाणूचा. मी काम करते ते अमेरिकेच्या ईशान्य भागात, बोरेलिया या मळसूत्री जिवाणूंवर. लोक सगळ्यांना एकाच पंगतीला बसवतात आणि त्याचे भोग रुग्णाच्या वाट्याला येतात.

गेल्या उन्हाळ्यातली एक मराठी तरुणी अजून डोक्यातून जात नाही. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराची चाचणी निगेटिव्ह आली आणि गोचिडीचा विषय तिथेच मिटला. तिनं कुठेतरी वाचून ‘जंतूंना उपाशी मारायला’ साखर, फळं, भात सोडला. वजन उतरलं, ताप नाही. त्या तापामागचा जंतू निघाला बोरेलिया मियामोतोई, लाइमच्या बोरेलिया बर्गडॉर्फेरीचा भाऊबंद. दोघेही एकाच काळ्या पायांच्या गोचिडीतून येतात, पण दोघांचं पोटपाणी वेगळं.

बर्गडॉर्फेरीचा जनुकसंच 1997 साली वाचला गेला आणि त्याचं परावलंबित्व उघड झालं. अमिनो आम्लं, मेदाम्लं, प्युरिन यांपैकी काहीच त्याला मुळापासून घडवता येत नाही. लोहावाचूनही त्याचं अडत नाही, तो मँगेनीजवर भागवतो. संसर्गात आपलं शरीर जंतूंपासून लोह लपवतं. इथे ते अस्त्र वाया जातं.

खरी मेख मात्र प्युरिनमध्ये आहे. रक्तात हायपोझँथिन हे प्युरिन सहज मिळतं. मियामोतोईच्याच, म्हणजे पुनरावर्ती (पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या) तापाच्या गटातल्या बोरेलिया हर्मसीकडे ते वापरात आणणारी विकरं आहेत, लाइमवाल्याकडे नाहीत. हर्मसी मिलिलिटरभर रक्तात कोटीच्या घरात जातो. जिम्सा रंगाने रंगवलेल्या काचेवर तांबड्या पेशींच्या मधे जांभळट, बारीक मळसूत्रं आडवीतिडवी पसरलेली दिसतात. लाइमच्या रुग्णाची काच कितीही चाळा, बहुधा हाती काही लागत नाही.

हर्मसीच्या या संख्येचं श्रेय सहसा बाह्य प्रथिनं बदलून प्रतिकारशक्तीला चकवण्याला दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. बर्गडॉर्फेरीही आपलं व्हीएलएसई हे बाह्य प्रथिन बदलत राहतो. मग तो रक्तात का फोफावत नाही? चकवून जीव वाचतो, पण संख्या वाढवायला डीएनए लागतो आणि डीएनएला प्युरिन. सहकारी म्हणतात, मी प्युरिनवर फार भार टाकते. जनुक सापडलं म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, हे मलाही कळतं आणि छळतंही. तरी माझा कल बदलत नाही.

पोटपाण्यातला असाच आणखी एक फरक निदानाला उपयोगी पडतो. ग्लिसरॉल-फॉस्फेट मिळवून देणारं जीएलपीक्यू विकर मियामोतोईसह पुनरावर्ती तापाच्या गटाकडे असतं, लाइमच्या गटाकडे नसतं. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून दोघांना वेगळं ओळखायला मदत होते.

साखर सोडून यातला कुणीही मरत नाही. तुम्ही उपाशी राहिलात तरी यकृत रक्तातली साखर राखतं आणि जंतूला त्याचा वाटा मिळतोच. डॉक्सिसायक्लिन मात्र दोघांवरही चालतं. म्हणून काळ्या पायांच्या गोचिडीच्या भागात ताप आला तर नीट जेवा, गोचीड चावल्याचं किंवा रानात फिरल्याचं डॉक्टरांना सांगा आणि ताप चढलेला असतानाच, औषध सुरू होण्याआधी, रक्ताची पीसीआर चाचणी होईल का ते विचारा. लाइमचा ‘निगेटिव्ह’ शेरा लाइमपुरताच असतो.